दर शनिवारी बी उकरून बघणारा गडी

सदराला आलेलं पत्र असं आहे:

‘सर, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला. वय २६, वजन ७४ किलो. मोंढ्यात चुलत्याच्या आडतीवर हिशोबाला बसतो, गरज पडली तर पोत्यालाही हात लावतो. तीन वर्षांपासून जिम करायलोय. पहिल्या दोन-अडीच वर्षांत डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा रॉड सरळ उभं राहीपर्यंत उचलणं) ६० वरून १४० किलोवर गेली. आता सात महिने झाले, १४० च्या पुढं काटा हलंना. दर शनिवारी सकाळी साडेपाचला ट्राय मारतो. आधी वॉर्मअपला ६० चे १५ (म्हणजे ६० किलो पंधरा वेळा), ८० चे १२, १०० चे १० आणि १२० चे ५, मग १४०. कधी निघतो, कधी नडगीच्या मध्यावर अडकतो. १४५ तर गुडघ्याच्या खालीच थांबतो. ट्रेनर म्हणतो गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा घे. एक मित्र म्हणतो, एक इंजेक्शन आहे, लिफ्टच्या आधी घेतलं की वजन फुलासारखं लागतं. वडील माळकरी आहेत, ते म्हणतात, आता बास, तुला काय हमाली करायचीय का? माझे हात जरा आखूड आहेत, त्यामुळं तर नाही ना? माझं नेमकं काय चुकायलंय? अहो-जाहो करू नका, तुमच्या पोराच्या वयाचा आहे.’

बरं, नाही करत अहो-जाहो.

तू हिशोबाला बसणारा आहेस, तर हिशोबानंच सुरू करू. १४० ला हात लावायच्या आधी तू काय काय उचलतोस ते मांडलं मी कागदावर. ६० चे १५ म्हणजे ९०० किलो. ८० चे १२ म्हणजे ९६०. १०० चे १० म्हणजे हजार. १२० चे ५ म्हणजे ६००. बेरीज ३४६० किलो. साडेचौतीस क्विंटल! पन्नासच्या कट्ट्यात धरलं तर एकोणसत्तर कट्टे. पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी, एकोणसत्तर कट्टे जमिनीवरून उचलून झाल्यावर तू म्हणतोस, आता बघू माझ्यात ताकद किती. तुझ्या दुकानातल्या हमालाला विचार, गाडी खाली करून झाल्यावर त्याला कुणी पैज लावली तर तो काय म्हणेल.

आणि गंमत पुढंच आहे. एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज काढायचं एक जुनं सूत्र आहे. जितके रेप मारले, म्हणजे सलग जितक्या वेळा उचललं, त्याला ३० नं भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि वजनानं गुणायचं. १२० चे ५ रेप घातले की उत्तर येतं बरोबर १४०. हे पाच रेप तू आधीचे सदतीस रेप मारून दमल्यावर मारतोस. ताजा असतास तर पाचाचे सहा-सात झाले असते. सूत्र म्हणजे काही देवाचा कौल नव्हे, पाच-सात किलोचा फरक पडतोच. पण मला तरी वाटतं की १४५ तुझ्या अंगात आजही आहे. ते तू दर शनिवारी वॉर्मअपमध्ये खर्च करून टाकतोस.

पण वॉर्मअप ही निम्मीच चूक झाली. खरी चूक त्या ‘दर शनिवारी’मध्ये आहे. पेरणी करून आठ दिवस झाले की रानात जायचं आणि उगवलं का बघायला बी उकरून काढायचं, परत पुरायचं, परत आठ दिवसांनी उकरायचं. असं रान कधी हिरवं होईल? मॅक्स मारणं म्हणजे ताकद मोजणं. ताकद वाढते ती त्याच्या बरीच खाली, मॅक्सच्या ७० ते ८५ टक्क्यांत, चांगल्या फॉर्ममध्ये, भरपूर सेट (सलग रेपच्या फेऱ्या) करून. १४० ला एक अर्धाकच्चा रेप मारून घरी गेलास तर पाठीला आणि मज्जासंस्थेला थकवा पुरेपूर मिळतो, आणि शरीराला वाढायला लावणारं काम मात्र मूठभरच होतं. पहिली दोन वर्षं हे चालून गेलं, कारण नवख्याची वाढ कशानंही होते. पहिल्या पावसात खडकावरही गवत उगवतं.

हे मी शहाणपणानं नाही, कंबरेच्या अनुभवानं सांगतोय. अठ्ठाविसाव्या वर्षी मी १६० वर वर्षभर अडकलो होतो. रविवारची सकाळ, चार दोस्त भोवती, आणि दर वेळी १६५ चा हट्ट. एका रविवारी रॉड जमिनीपासून चार बोटं सुटला आणि कंबरेत अशी उसण भरली, की तिथंच फरशीवर आडवा झालो. तीन आठवडे मला बुटाची लेस बांधता येत नव्हती. एसटीत बसवत नव्हतं म्हणून नांदेडपासून उभ्यानं आलो, आणि कंडक्टर सारखा विचारत होता, ‘काका, जागा रिकामी आहे की!’ वय अठ्ठावीस आणि काका. बरा झाल्यावर भीती बसली होती, म्हणून ८० किलोवर आलो. चार महिने १२५-१३० च्या वर गेलोच नाही. हौस म्हणून नाही, निव्वळ घाबरून. पाचव्या महिन्यात एकदा चुकून बरं वाटत होतं म्हणून १६५ लावलं आणि ते निघालं. मला शहाणं व्हायला उसण भरावी लागली. तुला तेवढी गरज पडू नये.

आता एक काम सांगतो. हे या महाराष्ट्रात फार थोड्या लिफ्टरांना जमेल, आणि तुला मात्र फुकटात जमण्यासारखं आहे. तुझ्या आडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एक दिवस जिमवाल्याची परवानगी काढ, सगळ्या प्लेटा आणि रॉड टमटममध्ये घाल आणि काट्यावर चढव.

हसू नको. आपल्याकडच्या जिममधल्या ओतीव लोखंडी प्लेटांवर २० लिहिलेलं असतं, म्हणून त्या २० च्या असतात असं नाही. मी एका जिममध्ये मोजल्या होत्या. एक १८ किलो २०० ग्रॅमची निघाली, तिची जोडीदार १९ किलो ४०० ची. म्हणजे उजवी बाजू डावीपेक्षा सव्वा किलोनं जड, आणि मी सहा महिने विचार करत होतो की माझा उजवा खांदाच का दुखतो. रॉडचंही तसंच. स्पर्धेचा रॉड २० किलोचा असतो. जिममधला १५ चा असू शकतो, १८ चाही असू शकतो. तुझा १४० हा खरा १३१ निघाला तर वाईट वाटून घेऊ नको. आणि १४६ निघाला तर पेढे वाट. पण प्रत्येक प्लेटवर खडूनं खरं वजन लिही आणि जोड्या लाव. वजन कमी लिहिलं की शेतकरी आडत्याशी भांडतो, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र आपण छापलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

काट्यासोबत टेपही घेऊन जा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळं रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्याकडच्या लोखंडी प्लेटा त्याहून बारक्या असतात. ३८ सेंटिमीटरची असेल तर रॉड १९ वर येतो, साडेतीन सेंटिमीटर खाली. त्यात तू पळायचे गुबगुबीत बूट घालत असशील (पत्रात लिहिलं नाहीस, पण जिममध्ये दहातले नऊजण तेच घालतात) तर तळव्याखाली आणखी अडीच-तीन सेंटिमीटर. म्हणजे तू सहा सेंटिमीटर खड्ड्यातून उचलतोयस, आणि तेही गादीवर उभा राहून! नडगीच्या मध्यावर अडकायचं हे एक सरळसोट कारण असू शकतं. बूट काढ. मोज्यांवर किंवा अनवाणी उचल, किंवा कॅनव्हासचे सपाट तळव्याचे बूट घाल. आणि दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली सारख्या जाडीची फळी नाहीतर रबरी मॅट टाकून रॉड साडेबावीसवर आण. याला चीटिंग म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नको. जगभर लोक त्याच उंचीवरून उचलतात.

हाताला काय लावतोस? बहुतेक जिममध्ये टाल्कम पावडरचा डबा ठेवलेला असतो. उन्हाळ्यात तळहात घामानं निथळतात म्हणून पोरं पावडर चोपडतात आणि मग म्हणतात ग्रिप सुटली. अरे, पावडर घसरायलाच असते, कॅरमच्या बोर्डावर आपण कशाला टाकतो? जिम्नॅस्टिकवाले हाताला लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड आण, खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते, स्वस्त असते, वर्षभर पुरते. एक तळहात पुढं आणि एक मागं अशी उलटसुलट पकड असेल तर पुढं बघणाऱ्या तळहाताच्या हाताचा कोपर अजिबात वाकवू नको. दंडाचा स्नायू फाटतो तो तिथंच. दर सेटला हात बदल.

आता रॉड अडकतो त्या जागेविषयी. गुडघ्याच्या खाली अडकतो तेव्हा माणूस म्हणतो, माझी पाठ कमी पडते. बहुतेक वेळा बिघाड आधीच, जमिनीवर असतानाच झालेला असतो. ऊसवाल्यांची ट्रॉली चिखलात रुतली की दुसरा ट्रॅक्टर लावतात ना? चांगला ड्रायव्हर आधी हळू पुढं जाऊन साखळी ताणून घेतो. ताण बसला की मगच रेस. नवशिका ढिल्या साखळीवर झटका देतो, आणि साखळी तरी तुटते नाहीतर हूक. तू झटका देणाऱ्यांपैकी आहेस, असं मला तुझ्या वर्णनावरून वाटतंय. रॉड आणि प्लेट यांच्यात थोडी फट असते, हात, खांदे, पाठ सगळ्यांतच थोडी ढील असते. आधी ती काढ. पोटात श्वास भर, बेल्टला चारी बाजूंनी फुगवून ढकल (बेल्ट काही कंबरेला टेका देत नाही, पोटानं ढकलायला भिंत देतो), काखेत घडी केलेला पेपर धरल्यासारखे खांदे खाली दाब, आणि रॉडला हळूहळू ताण दे. प्लेटच्या भोकात रॉड ‘टक’ असा वाजतो. तो टक ऐकू आला की मग पायानं जमीन खाली ढकल. ओढू नको, ढकल. ढील असताना झटका मारला की ढुंगण आधी वर येतं, रॉड नडगीपासून पुढं सरकतो, आणि गुडघ्याशी पोचेपर्यंत सगळा भार कंबरेवर एकटीवर पडतो. मग तो तिथं थांबणारच.

यातलं निम्मं तुला रोज मोंढ्यात बघायला मिळतं. जुना हमाल पोत्याला हात लावताना बघ. तो लांबून वाकत नाही, पोतं आधी अंगाला भिडवून घेतो, मांडीचा टेका देतो, क्षणभर थांबतो, आणि मग एकदम उठतो. झटापट करतो तो नवीन पोरगा, आणि दुपारी कंबर धरून बसतो तोही तोच. रॉड नडगीला घासूनच वर आला पाहिजे. पायाला लांब मोजे घाल, नाहीतर सोलटून निघेल.

पुढच्या बारा आठवड्यांचं सांगतो. आत्ता चैत्र संपत आलाय. नीट केलंस तर आषाढीच्या आसपास, वडील वारीला गेलेले असतील तेव्हा, मोजायची वेळ येईल. दसऱ्या-दिवाळीला सोयाबीनची आवक सुरू झाली की तुला दिवसभर उभं राहावं लागणार, त्या दिवसांत भारी काम घ्यायचंच नाही. म्हणून हीच वेळ बरी. सगळे आकडे १४० खरे आहेत असं धरून दिलेत. काट्यानं वेगळं सांगितलं तर त्या प्रमाणात कमी कर.

पहिला आठवडा डेडलिफ्टला हातच लावू नको. खरंच सांगतोय. फिर, बैठका मार, झोप. मग शनिवारी १०० किलोचे पाच सेट, पाच-पाच रेपचे. तुला हलकं वाटेल, लाजही वाटेल, बाजूचा पोरगा विचारील, ‘आज एवढंच?’ विचारू दे. दुसऱ्या शनिवारी १०५ चे पाच सेट, चार-चारचे. तिसऱ्याला ११० चे पाच सेट, तीन-तीनचे. चौथ्याला मुद्दाम उतरायचं, ८० चे तीन सेट, पाच-पाचचे, आणि घरी. पाचव्याला परत ११०, पण आता चार-चार. सहाव्याला ११५ चे तीन-तीन, पाच सेट. सातव्याला १२० चे तीन-तीन, चार सेट. आठवा परत हलका, ८५. नवव्याला १२५ चे दोन-दोन, तीन सेट. दहाव्याला १३० चा एक-एक रेप, तीन वेळा. अकराव्याला १०० वर दोन-तीन सिंगल (एकेकच रेप) मारून मोकळा हो. बाराव्याला मोजायचं: १२५, मग १३५, मग १४५. १४५ सहज निघाला तर १५० चा मोह होईल. तो दाबायचा. १४५ घेऊन घरी जायचं.

मधल्या एखाद्या शनिवारी ठरलेलं वजन जड वाटलं, शेवटच्या रेपला पाठ गोल व्हायला लागली, तर तो सेट तिथंच सोड आणि पुढचे ५ किलो कमी करून मार. वहीत लिहिलंय म्हणून मारायचंच, असं नाही. आणि कुठलाही रेप प्लेटा जमिनीवर आपटून टप्प्यावर घ्यायचा नाही. प्रत्येक रेप जमिनीवर पूर्ण थांबवून, परत साखळी ताणून. टप्प्याचे पाच रेप म्हणजे एक डेडलिफ्ट आणि चार उड्या.

सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं थांब. ट्रेनर म्हणत असेल की एक मिनिटात पुढचा सेट घे, चरबी जळते. तुझी चरबी जळायला नाही, १४५ निघायला आपण बसलोय. स्नायूला झटक्याच्या कामासाठी लागणारा साठा परत भरायला तेवढा वेळ लागतोच. आणि वॉर्मअप असा: ६० चे ५, ८० चे ३, १०० चे २, आणि त्या दिवशीचं वजन त्याहून वर असेल तर मध्ये ११५ चा १. मोजायच्या दिवशी मग १२५ पासून सुरू. वॉर्मअप साडेचौतीस क्विंटलांवरून साडेआठवर येतो.

बुधवारी दुसरा दिवस ठेव. आधी स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका), कारण तू पत्रात स्क्वॉटचं नावच काढलं नाहीस आणि माझ्या ते लक्षात आलंय. ताकदीत राहून पाच-पाचचे तीन-चार सेट. त्यानंतर ९० किलोची थांबून डेडलिफ्ट: रॉड नडगीच्या मध्यावर, तू जिथं अडकतोस अगदी तिथंच, दोन सेकंद धरून ठेवायचा आणि मग वर न्यायचा. तीन-तीन रेपचे चार सेट. ही फार वाईट गोष्ट आहे, पहिल्या दिवशी मला शिव्या देशील. पण अडकायची जागा ओळखीची करून घ्यायला दुसरा चांगला उपाय मला माहीत नाही. शेवटी ७० किलोनं रोमानियन डेडलिफ्ट आठ-आठचे तीन सेट, म्हणजे गुडघे किंचित वाकवून रॉड मांडीवरून नडगीपर्यंत सावकाश खाली आणायचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूनं वर. इथं मनगटाला बांधून रॉडला गुंडाळायचे पट्टे वापरले तरी चालतील. वेळ उरला तर वाकून रोइंग, म्हणजे रॉड पोटाकडं ओढणं. बायसेप राहिला तर राहू दे.

वेळेचं एक अवघड आहे. साडेपाचला उचलतोस, म्हणजे पाचला उठत असशील. रात्रभर पडून राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकून जड उचलणं पाठीला महागात पडतं. संध्याकाळ बरी म्हणावी, तर आपल्याकडची संध्याकाळ! पत्र्याच्या शेडात वैशाखातले सहा वाजले असले तरी रॉड हाताला चटका देतो. म्हणून पहाटच ठेव, पण उठल्यापासून निदान तासभर जाऊ दे. उठ, पाणी पी, केळं खा, पंचवीस मिनिटं पायी चालत जिमला जा. म्हणजे रात्री दहाला झोपावं लागणार, आणि खरी अडचण तीच असेल. सात तास झोप नसेल तर वरचे सगळे आकडे वहीतच राहतील. गच्चीवर अंथरूण टाक आणि फोन खाली ठेव. आपल्या आजोबांच्या माळवदावर चार्जिंग पॉइंट नव्हता, हे त्यांचं नशीब.

इंजेक्शनचं. वाच नीट.

लिफ्टच्या आधी घेतलं की वजन फुलासारखं लागतं म्हणतात ते बहुधा मेफेन्टरमाइन असणार. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर ते देतात. मुख्य वापर एवढाच. धडधाकट माणसानं घेतलं की दाब आणि ठोके नको तितके वाढतात, अंगात विजेसारखं काही शिरल्याचा भास होतो. डेडलिफ्टमध्ये श्वास कोंडून जोर लावताना दाब आधीच भयंकर चढलेला असतो, त्यावर हे! सवयही लागते, आणि मग इंजेक्शनशिवाय ६० किलोही उचलवत नाही अशी पोरं मी डोळ्यानं पाहिलीत. त्या मित्रापासून लांब राहा. त्याला समजावून सांगत बसू नको, ते तुझं काम नाही. लांब राहा.

गेनरचा डबा मात्र विषारी वगैरे नाही, फक्त महाग आहे. त्यात बरीचशी साखरेची भावंडंच असतात. वजन वाढवायला आपल्याकडं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आहे. तुला कमी पडतंय ते प्रथिन. ताकदीचं काम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम धरतात, म्हणजे तुला साधारण ११० ते १३० ग्रॅम. तू काय खातोस ते लिहिलं नाहीस, म्हणून आपल्याकडचं नेहमीचं धरतो: दिवसाला दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, त्यात वीस ग्रॅम. वाटीभर वरण, दहा-अकरा. अर्धा लिटर दूध, सोळा. मूठभर शेंगदाणे, सात-आठ. पंचावन्नच्या आसपास झाले, निम्म्याहून कमी. वडील माळकरी, म्हणजे घरात अंडं येणार नाही. बाहेर खाणार असशील तर तुझं तू बघ, चार अंड्यांत चोवीस ग्रॅम मिळतात.

पण अंड्यावाचून अडलेलं नाही. तू सोयाबीनच्या थप्पीला पाठ टेकून बसतोस आणि ताटात सोयाबीन नाही, याला काय म्हणावं? सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या पिठाची वडी म्हणजे शंभर ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिन. कोरडी पन्नास ग्रॅम वडी रोज, गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा-लसूण-काळा मसाला घालून परतलेली. पिळायचं विसरू नको, नाहीतर लादी पुसायच्या फडक्यासारखी लागते. तिथं पंचवीस मिळाले. दुपारी दुकानात फुटाणे, पन्नास ग्रॅम, दहा मिळाले. दुधाचा आणखी अर्धा लिटर, नाहीतर तेवढ्या दुधाचं घट्ट दही. बेरीज शंभरच्या वर जाते. उरलेलं भरायला साधी व्हे पावडर एक चमचा घेतलीस तरी हरकत नाही. ते दुधाचंच पाणी आहे, वडिलांना तसंच सांग. क्रिएटिन रोज तीन ते पाच ग्रॅम, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. बाजारातल्या डब्यांपैकी कामाचं म्हणावं असं मला तेवढंच दिसतं. आणि शाकाहारी आहेस तर एकदा बी-१२ आणि डी तपासून घे. आपल्याकडं ऊन एवढं, तरी दुकानात बसणाऱ्यांचं डी कमी निघतं.

हाताचं म्हणशील, तर हो, लांब हातवाल्याला डेडलिफ्ट सोपी जाते, रॉड कमी अंतर वर न्यावा लागतो. अमेरिकेचा लामार गँट, ज्यानं १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली, त्याचे हात गुडघ्याशी पोचत होते म्हणावं इतके लांब होते. पण त्याचा पाठीचा कणाही वाकडा होता, हे कुणी सांगत नाही. तू पाचपटीला नाही, दुपटीला अडकलायस. दुपटीपर्यंत हाताची लांबी आड येत नाही. हवं तर एखाद्या बुधवारी पाय रुंद करून सुमो स्टाइल हलक्या वजनावर करून बघ, आखूड हातांना ती कधीकधी मानवते. पण हे बारा आठवडे संपेपर्यंत शनिवारची पद्धत बदलायची नाही.

कंबर नुसती आखडत असेल तर ठीक, दोन दिवसांत जाते. पण कळ पायात उतरत असेल, पोटरीला किंवा पावलाला मुंग्या येत असतील, तर रॉड ठेव आणि हाडांच्या डॉक्टरला दाखव. माझ्या सदराला लिहीत बसू नको.

राहिले वडील. ते म्हणतात, हमाली करायचीय का. त्यांना सांग, रुस्तम-ए-हिंद पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आपल्याच लातूर जिल्ह्यातले, हा मुलूख जोर-बैठकांना लाजणारा नाही. तेवढ्यानं भागणार नाही, मला माहितीये. मग असं कर, प्लेटा काट्यावर घ्यायच्या दिवशी त्यांनाच दुकानात बोलव. चुलत्यालाही. मापाचा विषय निघाला की आपल्याकडं कुठलाही माणूस शांत बसत नाही. एका प्लेटवर २० लिहिलंय आणि काटा १८ दाखवतोय, हे बघितल्यावर ते तुझ्या बाजूनं जिमवाल्याशी भांडायला निघतील.

आकडे वहीत उतरवून मला पाठव, सगळ्या प्लेटांचे, उजव्या-डाव्या जोडीनं. रॉडचा विसरू नको.